आत कोण पाणी पितंय?

मला मासे पाळायची हौस आहे म्हटलं की लोक हसायचे. हसू देत. "प्यायला पाणी न्हाई अन् ही बया मासे पाळती," असं नेकनूरच्या बाजारात एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली होती. मी म्हटलं, "तुज्या घरचं पितेत का?" तेव्हा विहिरीला पाणी होतं, म्हणून जीभ चालली.

सासूबाईंच्या आजारपणात महिनाभर अंबाजोगाईच्या दवाखान्यात होते, तेव्हा येताना सोनमाशांची एक जोडी आणली. दुहेरी शेपटी, टम्म पोट, डोक्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा तुरा. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत मादीनं अंडी घातली. अंडी दिली की आईबापांना लगेच बाजूला काढावं लागतं, नाहीतर तेच ती खाऊन टाकतात. पिल्लं निघाली ती पापणीच्या केसाएवढी. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून मी त्यांना भरवला. ही पिल्लं आधी काळपट असतात, ऊन लागलं की दोन-तीन महिन्यांत सोनेरी होतात. त्या सोन्यासाठीच सगळा खटाटोप होता.

पण त्या साली पाऊस गेला तो गेलाच. जोडी उन्हाळ्याच्या तोंडालाच मेली. गावाला टँकर सुरू झाला, घरटी दोन ड्रम. आमचे मालक दूध सोसायटीचे सेक्रेटरी. टँकरची यादी त्यांच्याकडं, आणि मांजरसुंब्याच्या रस्त्याला सोसायटीनं काढलेली चारा छावणीही त्यांच्याच गळ्यात. ते तिकडंच मुक्कामी. सेक्रेटरीच्या घरात मासे पोहतायत हे कळलं असतं तर गावानं आम्हाला सोलून काढलं असतं. म्हणून मी सगळ्यांना सांगून टाकलं, पिल्लंही मेली. आणि जगलेली चौदा पिल्लं टबात घालून सासूबाईंच्या खोलीत नेली. गल्लीकडची खिडकी लावली, तिच्यावर गोणपाट टाकलं.

सासूबाई त्याच खोलीत गेल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. शेवटचे चार दिवस त्या "पाणी, पाणी" करत होत्या आणि मी चमचा मोजत होते. गेल्यावर रीतीप्रमाणं त्या जागेवर दहा दिवस दिवा आणि पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. जितेपणी दिलं नाही ते मेल्यावर दिलं. काय म्हणावं आम्हाला!

अंधारात पिल्लं सोनेरी झालीच नाहीत. पांढरी पडली. आधी शेपट्या, मग पोटं, मग तोंडं. पाणी कमी पडलं की मासे वर येऊन हवा पितात. चप्, चप्, चप्. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना तो आवाज आला की मला सगळं ठाऊक असूनही अंगावर काटा यायचा.

शेजारी अक्का राहायची. विधवा, एकटी, सोसायटीला एका म्हशीचं दूध घालणारी. घरात दुसरं कोणी नाही म्हणून म्हशीशीच बोलायची. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची, दोघींचा लई जीव. एका दुपारी जाता जाता ती खिडकीपाशी थबकली.

"आत कोण पाणी पितंय गं?"

मी दारातच होते. "कोणी न्हाई."

"मला ऐकू येतंय की."

"अक्का, ऊन लागलंय तुमाला. आत कोणी न्हाई म्हन्ते ना!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्याबाई तहानलेलीच गेली गं," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला खिडकीच्या फळीवर टकटक झाली. बाहेर कट्ट्यावर पाण्यानं भरलेला पेला. तिच्या दोन ड्रममधला, ज्यातून म्हैसही पीत होती. मी चरफडले. टाकून द्यावं तर त्या साली पाणी सांडणं म्हणजे पाप. ती गेल्यावर खिडकी किलकिली केली, पेला आत घेऊन टबात ओतला आणि रिकामा परत ठेवला.

रिकामा पेला बघून अक्का ढसाढसा रडली. मग रोजच यायला लागली. मासे कसले बेरकी! टकटक झाली की ताजं पाणी येतं हे त्यांना आठ दिवसांत कळलं. एरवी तळाला गप्प, टकटक झाली की चौदाच्या चौदा वर.

मग ती खिडकीशी बोलायला लागली. एके दिवशी विचारलं, "आत्याबाई, म्हशीला छावणीत नेऊ का घरीच ठिवू? ती गेली तर घर खायला उठंल मला. ठिव म्हनत असशील तर पानी पी."

चप्, चप्, चप्.

"बरं. ठिवते."

मी आत टबापाशी उकिडवी बसले होते. छावणीत चारा होता, पाणी होतं, मालक निरोपावर निरोप पाठवत होते. मी अक्काला म्हटलंसुद्धा, "न्या की छावणीत! काहून तिचा जीव घेता?" ती हसली. "मला सांगणाऱ्यानं सांगितलंय, ठिव म्हणून." अहो, ते मासे आहेत, एवढं बोलायला काय लागत होतं? अब्रू आडवी आली असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. एका पिल्लाच्या डोक्यावर तुरा फुटायला लागला होता. मला ते पिल्लू हवं होतं.

म्हशीच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. छावणी भरत आली, सोसायटीचा ट्रक जनावरं न्यायला शेवटचा येणार होता. त्या दुपारी अक्का यायच्या आतच मी दोन्ही हात टबात घातले. आज यांना खाली दाबून धरायचं, आवाज येऊ द्यायचा नाही. मग ती म्हैस नेईल आणि मला काही बोलावंही लागणार नाही. टकटक झाली. अक्कानं पुन्हा तेच विचारलं. चौदा मासे आणि दोन हात. बोटांच्या फटींतून निसटून ते वर आले. माझ्या मनगटांभोवती पांढरी तोंडं उघडमीट करत होती, आणि मी ओठ दाबून बसले होते.

बाहेरून आवाज आला, "बरं आत्याबाई. तू म्हन्तीस तसं."

ट्रक गेला. नवव्या दिवशी म्हैस दावणीला बसली ती उठलीच नाही.

मला वाटलं, आता अक्का खिडकीकडं फिरकणार नाही. आली तर शिव्याशाप देईल. द्यावेत, असंच मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी बाराला टकटक झाली. मी फटीतून पाहिलं. कट्ट्यावर भरलेली कळशी होती.

"तुज्यावर राग न्हाई माजा, आत्याबाई," ती म्हणाली. "तहानलेल्या माणसाला काय सुचणार? आता घरात पेणारी मी एकटीच हाय. म्हशीच्या वाटणीचं बी आणलंय तुला. पोटभर पी."

ती घरात जाईपर्यंत मी हलले नाही. मग खिडकी उघडली आणि कळशी आत घेतली.