अरुंद टायरच्या वेगळ्या रिंगा

नवरा चाकणला कंपनीत असल्यामुळे बोरी बुद्रुकची शेती आणि आमचा छोटा ट्रॅक्टर मीच सांभाळते. नांगरटीला रुंद टायर बरे, पण ते उसाच्या सरीत कोवळे फुटवे चिरडतात. तिथं अरुंदच लागतात. टायर ज्यावर चढवतात त्या लोखंडी रिंगांचा जोड मात्र एकच. त्यामुळे टायर बदलायला दर वेळी ओतूरला टायरच्या दुकानात जायचं आणि दिवस मोडायचा.

एकदा तिथले दुकानदार चाचा म्हणाले, "ताई, सारखं काढून-घालून टायरच्या कडा खराब व्हायल्यात. अरुंद टायरला वेगळ्या रिंगा घ्या, म्हणजे घरीच अख्खं चाक बदलता येईल."

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "चाक लई जड असतं. तुला न्हाई जमायचं."

शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "जमंल तिला. मी हाय ना जोडीला."

रिंगा घेतल्या. पावसानं उघडीप दिल्यावर अंगणात जॅक लावला, पान्याला पाइप जोडून नट सैल केले. सासूबाईंनी पहारीनं चाक तोलून धरलं आणि मी भोकं जुळवली. पहिल्या चाकाला घाम फुटला, दुसरं सहज बसलं.

शेजारचे भाऊ थांबून म्हणाले, "फिटर कुठला आणला व्हता?"

"घरचाच हाय," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. माझी मान ताठ झाली.

आता वस्तीवर कुणाच्या ट्रॅक्टरचं चाक बदलायचं असलं, की आधी मला बोलावणं येतं.