उलार विमान

बहिणीचं बेंगळुरूचं विमान नागपूरहून शुक्रवारी उडणार होतं, आणि बुधवार उजाडला तरी तिनं त्यात बसावं की नाही, हे मूल गावातल्या तिच्या अंगणात ठरत नव्हतं. तिकडे लेकीचे बाळंतपणाचे दिवस भरले होते. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर अडकलेलं. बहीण विमानात कधी बसली नव्हती. भाऊजी, शेजारचे राइस मिलवाले आणि मी, आम्ही तिघेही बसलो नव्हतो, पण आमच्या मतांचं त्यावाचून काही अडत नव्हतं.

भाऊजी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. "या नव्या मॉडेलात जुन्याच विमानाले मोठी इंजिनं लावली," ते म्हणाले, "पंखाखाली मावेनात, म्हणून पुढी सरकवली. आता ते नाक वर करते. साधा प्रश्न हाय." भाऊजींच्या साध्या प्रश्नांत गावातल्या बापलेकांनी पाळीपाळीनं नापास होऊन दाखवलेलं आहे.

"म्हणजे बंडी उलार होते तसं," मिलवाले म्हणाले. धानाची पोती मागे जास्त झाली की बैलबंडीचं जू वर उचललं जातं, ती उलार होते, हे ते रोज पाहतात.

मी दोन लेख वाचून गेलो होतो. "नाक खाली दाबायला कंप्युटर आहे. तोही सुधारलाय."

"थो बिघडला तं?" मिलवाल्यांनी विचारलं.

"पायलट आहे."

"पायलट बिघडला तं?"

हे लेखांत नव्हतं.

नव्या तांदळाच्या पिशवीचं तोंड शिवता शिवता बहिणीनं मान वर करून मिलवाल्यांना विचारलं, "भाऊ, बंडी उलार झाली तं तुमी का करता?"

"एकाले पुढी बसवतो," मिलवाले म्हणाले.

"मंग झालं तं. मी बसतो पुढी."

"अवो, विमान म्हणजे का बंडी हाय?" भाऊजी ओरडले. "तुह्या वजनाले तिथी कोण इचारते?"

ती गेली. जागा मात्र अगदी मागची मिळाली.

शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यातून तिचा फोन आला. वेळेत पोचली होती. "अर्धं विमान रिकामं होतं. उडाच्या आंधी थे विमानातली पोरगी आली, मागच्यायले म्हणे पुढी बसा, तोल सांभाळाचा हाय. मी म्हटलं, उलार हाय ना? थे हासली फक्त."

भाऊजींनी चष्मा पुसला. "हे मी सांगतलंच होतं."

दुसऱ्या दिवशी नात झाली. आजोबा झालेल्या भाऊजींचा फोनवर पहिला प्रश्न होता, "वजन किती?"

"तोलाले पुरते," बहीण म्हणाली. "येतानी पुढी बसवतो तिले."