फौजीनबाई आणि बबनची फाईल

फौजीनबाईंचा सत्कार करणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागे. त्यांच्या नवऱ्याला शहीद म्हणायचं नाही. म्हटलं, की बाई खुर्चीत बसल्या बसल्या हात वर करत, आणि वक्ता थांबेपर्यंत तो हात खाली येत नसे.

अमडापूरला सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. निवृत्त शिक्षकाला गावात एवढंच काम उरतं. त्यामुळे पाहुण्यांना ही सूचना द्यायची जबाबदारीही माझीच. तरी पाहुणे विसरत. एकदा एका पुढाऱ्याने माईक घेतला आणि "या माउलीच्या पतीने सीमेवर छातीवर गोळ्या झेलल्या" अशी सुरुवात केली. हात वर गेला. पुढारी थांबला.

"झेलल्या नाही साहेब, खाल्ल्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "कावीळ झाली होती त्यायले. दवाखान्यात गेले ते."

मंडपात खसखस पिकली. पुढाऱ्याने घाईघाईने सीमा सोडली आणि तो गावातल्या रस्त्यांच्या कामावर आला.

बाईंचं नाव अनुसया. नवरा फौजेत स्वयंपाकी होता. निवृत्त होऊन गावी आला, थोडी कोरडवाहू जमीन कसू लागला आणि काही वर्षांतच गेला. स्वयंपाकी हा शब्द व्यासपीठावर शोभत नाही असं गावाचं मत होतं, म्हणून दर वर्षी कोणीतरी त्याला वरच्या हुद्द्यावर नेऊन बसवी. मेल्यानंतर त्याला इतक्या बढत्या मिळाल्या, की त्यातली एखादी जिवंतपणी मिळती तर बाईंचं पेन्शन तरी वाढलं असतं. बाईंना मात्र त्याच्या कामाचा पुरा अभिमान होता. "बंदुकीनं पोट भरते का? बर्फात पहाटे उठून यायच्या हातची पोळी खायाचे, तवा जात होते जवान पहाऱ्यावर," असं त्या सांगत.

सत्काराच्या शाली घरात साचल्या होत्या. एक शेळीच्या पिलांना, एक तुरीच्या पोत्यावर, एक खिडकीला. बाकीच्या बबनच्या अंगाखाली.

बबन त्यांचा एकुलता एक मुलगा. वय चाळिशीच्या घरातलं, समज तीन वर्षांच्या पोराची. बोलणं दोन-चार शब्दांचं. त्याला भरवावं लागे, आणि तो भरवूनही कोणाच्याही हातून घेत नसे. आईच्या हातून घेई, नाहीतर रस्त्यापलीकडच्या सुमनच्या. सुमन आणि बाई वर्षानुवर्षं एकाच टोळीत निंदायला, कापूस वेचायला जात. तेव्हा बबन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसलेला असे आणि जिचे हात मोकळे असतील ती त्याला घास देई.

एका वर्षी कार्यक्रमाला बुलढाण्याच्या सैनिक कार्यालयातले एक अधिकारी आले. त्यांनी माजी सैनिकांच्या सोयी-सवलतींची लांबलचक यादी वाचायला घेतली. कॅन्टीन, दवाखाना, घरपट्टीची सूट, मुलांची शिष्यवृत्ती. लोक पेंगू लागले. दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तीवेतन, असं ते म्हणाले, आणि बाईंचा हात वर गेला.

"हे पुन्हा वाचा साहेब."

त्यांनी वाचलं. "म्हणजे मी मेल्यावर बबनले?" बाईंनी विचारलं. अधिकारी म्हणाले, हो, पण तुम्ही हयात असतानाच त्याचं नाव नोंदवून घ्या. त्या हिवाळ्यातच डॉक्टरांनी बाईंना हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला गाठलं. "गुरुजी, उद्या बुलढाण्याले चालता का? मले आता मरायची घाई नाही, पण मरणाचा काही नेम नाही."

आम्ही गेलो. बबनला बसच्या खिडकीजवळ बसवलं की तो खूश असे, त्यामुळे त्या साऱ्या खेपांत आनंदात असलेला तो एकटाच. खेपा पुष्कळ झाल्या. कार्यालयातले कारकून फार सौजन्याने वागत. बाईंना खुर्ची देत, पाणी देत, सैनिकांच्या कुटुंबांबद्दल आम्हाला आदर आहे असं सांगत आणि नवा दाखला मागत. अपंगत्वाचा दाखला झाला. मग बबन आईवर अवलंबून असल्याचा. एका कारकुनाने अगदी आस्थेने विचारलं, "पुढेमागे बरा होण्याची शक्यता आहे का?"

"झाला तर मी स्वतः येऊन पैसे वापस करीन," बाई म्हणाल्या. "तुमी तवरोक कागद तर घ्या."

मग अविवाहित असल्याचा दाखला निघाला. तो गावातूनच आणायचा होता. सरपंच अडले. "काकू, लग्न झालं नाही असं मी कसं लिहून देऊ? उद्या कोणी हरकत घेतली तर?"

"काऊन घेईन कोणी?" बाईंनी विचारलं. "असं करा, तुमीच एखादी सून पाहून द्या मले. मंग दाखला मांगत नाही मी."

दाखला त्याच दिवशी मिळाला. सगळे कागद पोचले आणि मग काहीच घडलं नाही. फाईल सहीसाठी आहे, असं उत्तर मिळे. साहेब दौऱ्यावर, साहेब बदलून गेले, नवे साहेब समजून घेताहेत. बाईंना चार पावलं चालताना धाप लागू लागली होती. त्या बुलढाण्याच्या बस स्टँडवर बसून राहत आणि मी एकटा चौकशी करून येई. माझा चेहरा पाहून त्या बबनचं तोंड पुसत आणि म्हणत, "चाला, गाडी लागली."

पुन्हा सव्वीस जानेवारी आला. या वेळी नवे साहेब स्वतः हजर होते. तालुक्याचे पुढारी होते. कोणी शहीद म्हणालं नाही, आणि मला हायसं वाटलं. साहेबांनी शाल उलगडली, बाईंच्या खांद्याशी नेली, आणि बाईंनी दोन्ही हातांनी ती अडवली.

"मले नको साहेब," त्या म्हणाल्या. माईक जवळच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "माह्या पोराची फाईल हाय तुमच्या आपिसात. तिले घाला. लय दिवसाची एका जागी पडून हाय ते, थंडी वाजून राह्यली असन तिले."

कोणी हसलं नाही. साहेब शाल हातात धरून उभे होते. मग त्यांनी तिची घडी घातली, खाली वाकून फाईल कोणती ते विचारलं, आणि मी नाव-गाव सांगितलं. महिनाभराच्या आत बबनचं नाव नोंदलं गेल्याचा कागद घरी आला. पुढच्या वर्षी पुढाऱ्यांनी भाषणात सांगितलं, की या प्रकरणाचा पाठपुरावा त्यांनीच केला होता.

कागद आल्याची बातमी भावकीत पसरली आणि सारी भावकी बबनच्या प्रेमात पडली. ज्या दिराने वर्षानुवर्षं उंबरा ओलांडला नव्हता, तो फळं घेऊन आला. पुतण्याने बबनसाठी पँट-शर्ट आणले. "वहिनी, तुमच्यामागं याले आम्हीच पाहणार," दीर म्हणाला. "रक्ताचं नातं हाय."

"हाव, पाहा ना," बाई म्हणाल्या. "आजपासूनच पाहा. भात कालवून ठेवला, भरवा त्याले."

दिराने घास पुढे केला. बबनने तोंड फिरवलं. पुतण्याने केला, बबनने हाताने उडवला. नव्या शर्टावर वरण सांडलं. दोघांनी जरा वेळ प्रयत्न केला, मग त्यांना बस आठवली.

बाईंनी पालक म्हणून सुमनचं नाव लिहून दिलं. भावकीत मोठी खळबळ झाली. सुमनच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि बबनच्या जेवणाची कधी फिकीर न केलेल्या लोकांना तो कोणाच्या घरी जेवणार याची फार फिकीर वाटू लागली. दीर मला म्हणाला, "गुरुजी, तुमी समजवा तिले. लोक काय म्हणतीन?" मी निरोप पोचवला. बाई म्हणाल्या, "लोकायले सांगजा, ताट घेऊन या म्हणा."

त्या उन्हाळ्यात, झोपेतच, बाई गेल्या. अंत्यविधीला भाषणं झाली. कोणीतरी पुन्हा शहिदाची पत्नी म्हणालं, आणि मी नकळत बाईंच्या हाताची वाट पाहिली.

पुढे सुमन बबनला घेऊन बँकेत गेली, मीही होतो. खिडकीमागच्या तरुणाने कागद पाहिले आणि विचारलं, "तुम्ही याच्या कोण लागता?"

"कोणी नाही," सुमन म्हणाली.

"नातं लिहावं लागतं इथे. काय लिहू?"

बबन सुमनचा पदर धरून काचेपलीकडची गर्दी पाहत होता.

"मले लिहिता येत नाही बाप्पा," ती म्हणाली, "तुमाले जे बरोबर वाटते ते लिहा. पण लवकर लिहा. त्याची जेवणाची येळ झाली."