कुंदनचं बारमाही कारळं

मखमलाबादच्या शिवारात आमच्या मळ्याला लागून कुंदनचा मळा आहे. झेंडू, मेथी, कोथिंबीर तो बाजारात विकतो आणि अक्कल मात्र फुकट वाटतो.

त्याची आई ठमाबाई दर पावसाळ्यात बांधावर कारळं पेरायच्या. नवरात्रात घटावर रोज चढते ती माळ त्याच पिवळ्या फुलांची. मग गुडघ्यांनी त्यांना घरात बसवलं आणि पेरणी लेकाकडं आली.

या गृहस्थानं काय करावं? नाशकात भाजी पोचवायला गेला, रस्त्याच्या दुभाजकात पिवळी फुलं दिसली, तर तिथल्याच दोन फांद्या तोडून आणून बांधावर खोचल्या. वर मला म्हणतो, "अण्णा, बारमाही कारळं! पेरायचं नाय, खुरपायचं नाय!"

मी जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कारळं कमरेएवढं सरळ वाढतं आणि दाणा भरला की वाळून जातं. हे जमिनीवर सरपटत होतं, पान तुकतुकीत, पेरापेराला मूळ. शोभेसाठी परदेशातून आणलेली वेल ती. गटाराकाठी, पाटाकाठी, ओल मिळेल तिथं वर्षानुवर्षं पसरत राहते. हे सांगितलं तर म्हणतो, "तुम्हाला बघवत नाय, दुसरं काय!" मूर्खाशी कोण वाद घालणार? वेलीनं बांध गिळला, झेंडूच्या सरीत शिरली, आणि हा तिच्यात उभा राहून फोटो काढत होता.

घटस्थापनेच्या सकाळी मी त्यांच्याकडं होतो. कुंदननं टोपलीभर फुलं आईपुढं ओतली. ठमाबाईंनी त्यातलं एक सुकलेलं बोंड तळहातावर चोळलं. काळा दाणा पडला नाही. दुसरं चोळलं, तिसरं चोळलं.

"हे कारळं नाय, कुंदन."

"पिवळं ते पिवळं, आई. देवीला काय कळतंय?"

घटासमोर बसून असं बोलायला या माणसाची जीभ धजली, यातच त्याचं सगळं आलं.

"राहू दे," ठमाबाई म्हणाल्या. "यंदा झेंडूची माळ करू. मडक्यातलं बी तेवढं सांभाळ. सासूबाईंपासून चालत आलंय ते. पुढल्या पावसाला पेरू."

कुंदन सांडलेली फुलं टोपलीत भरत म्हणाला, "मडकं रिकामं हाय. बी लागणारच नव्हतं ना आता. भाजून चटणी केली."

ठमाबाईंनी तोंड भिंतीकडं वळवलं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

"लय झकास झालती," तो म्हणाला. "तू पण खाल्लीस की, आई."