माझ्यासाठी राखून ठेवलेली केस

देशोदेशीच्या डॉक्टरांना मी दुर्बिणीचं काम शिकवते. तोंडातून दुर्बीण आत घालायची आणि पोट न फाडता पित्ताच्या नळीत अडकलेला खडा काढायचा. नैरोबीत शिकवलं, हनोईत शिकवलं. पण डोकं फिरलं ते आपल्याच जळगावात.

एका खासगी हॉस्पिटलनं कार्यशाळा ठेवली होती. मी आत पेशंटवर काम करायचं, हॉलमधल्या डॉक्टरांनी ते पडद्यावर लाइव्ह बघायचं. मी मूळची भडगावची, त्यामुळे हॉस्पिटलच्या मालकांना भलताच उमाळा. फ्लेक्सवर माझा फोटो हा एवढा!

पोचल्या पोचल्या मी पेशंट बघायला गेले. जामनेरकडची एक आक्का होती. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात हुडहुडी, बोलणं असंबद्ध. नळीत पू झालाय हे सांगायला मशीन लागत नव्हतं.

"ताप कधीपासून?" मी तिच्या मुलाला विचारलं.

"परवापासून शे, ताई. मोठ्या डॉक्टर येणार, त्यांच्याच हातून करू म्हणाले."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हे काम करणारा डॉक्टर याच हॉस्पिटलात होता. पण खडा मोठा, पडद्यावर झकास दिसणार, म्हणून बाईला माझ्यासाठी राखून ठेवलं होतं!

तेवढ्यात मालक शाल-नारळ घेऊन आले. "चला मॅडम, पाहुणे खोळंबलेत. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग केस."

"केस कुणाला म्हणता? बाई मरतेय इथं!"

"हळू बोला, नातेवाईक ऐकतायत."

"ऐकू देत की!"

शाल मी त्यांच्याच खांद्यावर टाकली आणि स्ट्रेचर स्वतः ढकलत आत नेलं. कॅमेरा बंद करायला लावला. बसा म्हटलं काळा पडदा बघत.

हॉस्पिटलचा तो डॉक्टर मदतीला उभा होता. दुर्बिणीतून सोडायची बारीक तार त्याच्या हातून घेता घेता मी विचारलं, "तुला येतं ना हे? मग परवा काय हात बांधले होते?"

"सरांनी थांबवलं."

"सर मरणार होते का?"

तार नळीत सरकली आणि पू भळाभळा बाहेर आला. खडा मी काढलाच नाही. अशा तापात आधी पू वाहता करायचा, बारीक नळी घालून ठेवायची आणि बाहेर यायचं. खडा नंतर.

दुसऱ्या दिवशी आक्का उठून बसली, चहा मागितला. मुलगा माझ्या पायाच पडला. "तुम्हनी वाट दखी म्हनीसन माय वाचनी, ताई."

शेजारी मालक फोटोवाल्याला घेऊन उभे. चक्क मान डोलावत होते! निर्लज्ज माणूस.

"वाट बघितली म्हणूनच मरत होती ती," मी म्हणाले. "ताप आला त्याच दिवशी झालं असतं हे. इथंच."

मुलगा जोडलेल्या हातांनी तसाच राहिला. मग मालकांकडे वळला.

"आम्हले काबर नही सांगं?"

मालकांनी फोटोवाल्याला खुणेनं बाहेर घालवलं आणि स्वतःही त्याच्या मागं निघाले. मुलगा उठला आणि दारात आडवा उभा राहिला.