बोरीवर भरलेला डोळा

वडिलांचे हातपाय आपोआप नाचायचे. आजोबांचेही तसेच नाचायचे. आमच्या पिंपळीत लोक म्हणायचे, दारू. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा मेंदूचा आजार आहे आणि तो बापाकडून पोरांत उतरू शकतो. परदेशात मेंदूत नव्या पेशी घालून बघतायत, असंही ते म्हणाले. माझ्या चुलत्याला काही कळेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गावठी बोरीवर चांगल्या जातीचा डोळा भरून कलम करता ना? तसंच."

झालं! चुलत्यानं तेवढंच धरलं. अजून नुसते प्रयोग चाललेत, हे वाक्य दवाखान्यातच राहिलं. घरी येताच त्यानं माझ्या भावासाठी बघितलेल्या पोरीच्या माणसांना, इंदापूरच्या पाहुण्यांना, निरोप धाडला, लग्न उरकून टाकू म्हणून. आम्हाला म्हणाला, "इलाज निघालाय. आता पोरीकडच्यांना कशाला सांगायचं?"

माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "तात्या, भरलेल्या डोळ्याच्या खालनं फूट आली, तर तिला कसली बोरं लागत्यात?"

वडिलांची जीभ तेव्हा धड वळत नव्हती, तरी उत्तर त्यांनीच दिलं. "गावठी."

"मग पोरं काय मेंदूतनं होत्यात व्हय?" मी चुलत्याला विचारलं.

चुलता कात्री घेऊन बोरीच्या बागेत निघून गेला. बुंध्यावरची गावठी फूट दर वर्षी तोच छाटायचा. त्याला कळलं नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

लग्न झालं. मांडवात वडिलांचे हात नाचायला लागले, तेव्हा चुलता हसत पाहुण्यांना म्हणाला, "दादा जरा घेत्यात."