पोचा पडलेला कॅमेरा

माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला, तेव्हा वडिलांचा जुना, पोचा पडलेला फिल्म कॅमेरा तेवढा सोबत घेऊन गेला. कंपनीतली नोकरी सुटल्यापासून तो कोणाशी धड बोलत नव्हता. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाइकांकडे विचारून झालं. पावसाळा सरला, दिवाळी गेली. त्याचा काही पत्ता नव्हता.

मग एका दुपारी ऑफिसात मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती चाळताना तो कॅमेरा दिसला. मी हे रोजच करत होते, वेड्यासारखं. फोटोत व्ह्यूफाइंडरच्या वरचा पोचा स्पष्ट होता. दुकान आमच्या गंगापूर रोडपासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निघाले.

दुकानदार वयस्कर होते. म्हणाले, "ताई, असे पोचे शंभर कॅमेऱ्यांना असतात. हे मॉडेल तेव्हा खूप विकलं गेलंय. तुमचाच कशावरून?"

"मागचं झाकण उघडा," मी म्हणाले. "आतल्या शटरच्या कापडी पडद्याला बारीक भोकं पडली होती. भावानं काळा रंग लावून बुजवलीत. उजव्या कोपऱ्यात रंगाचा जाड थर असेल."

त्यांनी झाकण उघडलं, टेबलावरचा दिवा जवळ ओढला. थर होता. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

पण लेन्स आमची नव्हती. आमची मोठ्या काचेची होती, कडेला जांभळट झाक मारणारी. ही लहान, आणि उजेडात धरली तर आत बुरशीचे धागे.

"ही मी बसवलीय," ते म्हणाले. "नुसती बॉडी कोण घेणार? खरी किंमत त्याच्या लेन्सला होती. मी चांगला भाव सांगितला. पण विकायला आलेल्या त्या मुलानं लेन्स काढून खिशात घातली. म्हणाला, ही नाही द्यायची. बॉडीचे मिळाले तेवढे घेऊन गेला."

"कसा दिसत होता?"

"वाळलेला. दाढी वाढलेली. दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामावर आहे म्हणाला."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. तो जिवंत होता. पण मला फक्त 'वाळलेला' हा शब्द ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं दिंडोरी गाठली. थंडी मरणाची. द्राक्षाची तोडणी सुरू होती. एका बागेतून दुसऱ्या बागेत, एका पॅकिंग शेडमधून दुसऱ्यात मी त्याचा फोटो दाखवत फिरले. काहींनी नीट पाहिलाही नाही. एका मुकादमानं तर "इथं रोज नवी माणसं येतात" म्हणून वाटेला लावलं. दुपार उलटल्यावर एका शेडमध्ये क्रेट भरणाऱ्या बाईनं फोटो हातात घेतला.

"हा व्हता ना इथं. लय गप राह्यचा. मागल्या आठवड्यात गेला."

"कुठं गेला, मावशी?"

"ते नाय सांगितलं. सुरतकडची गाडी धरतो म्हने. बहीण हाय का तू त्याची?"

मी मान डोलावली आणि तिथंच क्रेटवर बसून रडले, सगळ्यांसमोर. तिनं पाणी आणून दिलं. त्याच्यासोबत राहणाऱ्या दोघांशी गाठ घालून दिली, पण त्यांनाही त्याहून जास्त माहीत नव्हतं. एकानं माझा नंबर घेतला.

घरी आले तेव्हा आई दारातच होती. मी सांगितलं, सापडला नाही, पण आहे. कामाला होता, कष्ट करून खात होता. लेन्सचं सांगितलं. ती ऐकून घेत होती.

मग तिनं विचारलं, "अंगात स्वेटर होता का गं त्याच्या?"

इतक्या माणसांशी बोलले, पण हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. "होता," मी म्हणाले.